रंगदुरुस्तीकाराच्या डोळ्यात बदल न करण्याच्या अटीबाबत

प्रति,
मा. सचिव,
कलामुद्रण पुरस्कार समिती,
कोकण कलामुद्रक मंडळ, ठाणे

विषय : 'मुर्ध्याचे मिठागर' या प्रवेशिकेचे रंगदुरुस्तीकार श्री. तुळशीराम घरत यांच्या डाव्या डोळ्याबाबत.

संदर्भ : १) 'घरत आर्ट प्रिंट्स', भाईंदर (पूर्व) यांची प्रवेशिका, गट : हाताने रंगदुरुस्ती
२) माझा यापूर्वीचा अर्ज व त्यावरील आपला शेरा
३) प्रत्यक्ष परीक्षण पुढे ढकलल्याची आपली तीन पत्रे

महोदय,

१. माझा मागचा अर्ज आपण 'अर्जदाराचा प्रवेशिकेशी संबंध आढळून येत नाही' असा शेरा मारून निकाली काढला. म्हणून संबंध आधी सांगते. मी श्री. तुळशीराम घरत यांची मुलगी. छापखान्यात माझी भागीदारी नाही. तो माझा भाऊ सुयोग चालवतो आणि प्रवेशिकेवर सही त्याची आहे. मी मीरा रोडला राहते, एका दैनिकात उपसंपादक आहे, आणि कामावर जाण्याआधी मुर्ध्याला जाऊन वडिलांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते. संबंध एवढाच आहे. तो पुरेसा नसेल तर हा अर्ज येथेच बाजूला ठेवावा. पुरेसा वाटत असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचावा, कारण मागच्या अर्जातील मागणी मी मागे घेत आहे आणि नवी मागणी अगदी शेवटी आहे.

२. आमचे मिठागर बंद झाल्यावर वडील मुंबईत एका छापखान्यात कामाला लागले आणि पुढे त्यांनी भाईंदरला स्वतःचा गाळा घेतला. चित्रकार आणि छायाचित्रकार यांच्यासाठी सुती कागदावर टिकाऊ शाईत प्रती काढण्याचे सध्याचे काम सुयोगने सुरू केले. रंग मात्र वडीलच पाहत. ते कसे पाहत हे येथे लिहिणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पूर्ण चित्र छापण्याआधी त्याच कागदावर चित्राची एक अरुंद पट्टी काढतात. रंग पाहणारा ती दिव्याखाली धरतो, काय वाढवायचे आणि काय कमी करायचे ते सांगतो, यंत्रावरचा माणूस आकडे बदलतो आणि दुसरी पट्टी काढतो. इतर ठिकाणी मूळ चित्र शेजारी ठेवून पट्टी ताडून पाहतात. वडिलांना ही पद्धत मान्य नव्हती. त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवले होते की मूळ एकदाच नीट पाहायचे, झाकून ठेवायचे, आणि मग फक्त पट्टीकडे बघायचे. शेजारी मूळ ठेवून काम करणारा कारकून असतो, असे ते म्हणत.

३. मोतीबिंदू पिकू लागला की डोळ्यातले भिंग पिवळे पडते आणि निळा रंग आत नीट पोचत नाही, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले. मूळ झाकलेले असल्यामुळे वडिलांची चूक वडिलांना कळण्याचा मार्ग नव्हता. पट्टीत त्यांना निळा कमी दिसे आणि ते तो वाढवत. एका चित्रकाराच्या गणपतीचे पीतांबर हिरवट निघाले. एका बाईंच्या नातवाच्या बारशाच्या फोटोत मुलाचे गाल इतके निळे आले, की त्यांनी तो फोटो हातात धरायलाही नकार दिला. बुडालेल्या मुलाचा वाटतो, असे त्या म्हणाल्या आणि गाळ्यातच रडल्या.

त्यानंतर सुयोगने एका ग्राहकासमोर महिपत या यंत्रावरच्या कामगाराला बजावले, "बाबा को पट्टी मत दिखाओ. उनको अभी नीला-पीला कुछ समझता नहीं." वडील तेव्हा दिव्याजवळच उभे होते. हातातली पट्टी त्यांनी टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवसापासून गाळ्याच्या शटरबाहेर एक स्टूल आले आणि वडील त्यावर बसू लागले. कुरिअरवाल्याकडून पाकिटे घ्यायची आणि सुयोग आत आहे की बाहेर गेला ते येणाऱ्याला सांगायचे, हे त्यांचे काम झाले. डबाही ते तेथेच खात. एका नव्या पोऱ्याने त्यांना "वॉचमन काका" अशी हाक मारली. सुयोग आत होता. त्याने ती ऐकली आणि दुरुस्त केली नाही. मग सगळेच तसे म्हणू लागले.

४. समितीसमोर असलेली प्रत याच काळातली आहे. श्रीमती इशिता या छायाचित्रकार आहेत. त्यांनी मुर्ध्याच्या जुन्या मिठागरांची संध्याकाळची छायाचित्रे घेतली होती आणि छपाईला आमच्याकडे दिली होती. सुयोग वसईला गेलेला असताना वडील आत आले, संगणकाच्या पडद्यावर ते छायाचित्र त्यांनी पाहिले आणि महिपतला पट्टी काढायला सांगितली. जुना मान म्हणून महिपतने ऐकले. पट्ट्या निघत गेल्या आणि अखेर पूर्ण प्रत निघाली. तीत खाडी, आकाश, बांध आणि मिठाचे ढीग सगळे एकाच गर्द निळ्यात बुडाले होते. सुयोग परत आल्यावर त्याने कागद वाया घालवल्याबद्दल महिपतला बोल लावले, प्रत रद्दीच्या गठ्ठ्यात टाकली आणि नीट प्रत नव्याने काढली. वडिलांना तो काहीच बोलला नाही. ते त्यांना अधिक लागले असावे.

इशिता प्रती न्यायला आल्या तेव्हा त्यांच्या प्रती बांधायला महिपतने रद्दीतला तोच कागद ओढला. त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, जमिनीवर पसरला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. हे कोणी केले, असे त्यांनी विचारले. महिपतने शटरबाहेर बोट दाखवले.

५. पुढे काय झाले ते समितीच्या कागदांत आहे. इशितांच्या आग्रहावरून सुयोगने तीच प्रत प्रवेशिका म्हणून पाठवली, ती पहिल्या फेरीत निवडली गेली आणि परीक्षकांनी तिच्यावर लिहिले, "संध्याकाळची अशी निळाई यंत्र देऊ शकत नाही. मिठागरावर वाढलेल्या माणसाची आठवण या कागदावर उतरली आहे." सुयोगने हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून गाळ्यात लावले. स्टूल उचलले गेले. दिव्याखाली गादीची खुर्ची आली. ग्राहक आला की सुयोग आता हात धरून वडिलांची ओळख करून देतो, "हे आमचे बाबा. यांच्या नजरेशिवाय आमच्याकडे कागद हलत नाही." मुर्ध्यातल्या मंडळाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. भाईंदरमधले दोन छापखानेवाले, ज्यांनी पूर्वी वडिलांना नमस्कार करणेही सोडले होते, ते पट्ट्या घेऊन सल्ला विचारायला आले. वडिलांनी त्यांनाही निळा वाढवायला सांगितले. त्यांनी तो वाढवला, असे ऐकते.

६. याच सुमारास मी वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू होता. उजवा अधिक पिकला होता. आतले भिंग फुगून डोळ्यातला दाब कधीही वाढू शकतो आणि एकदा त्या दाबाने नजर गेली की ती कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. सुयोगने तो रद्द केला. आपल्या नियमावलीत अशी अट आहे की प्रवेशिका दाखल झाल्यापासून प्रत्यक्ष परीक्षण होईपर्यंत यंत्र, शाई, कागद, दिवा आणि रंगदुरुस्तीकार यांत बदल करू नये. परीक्षक छापखान्यात येणार, त्यांच्यासमोर त्याच माणसाने त्याच चित्राची नवी प्रत तशीच काढून दाखवायची. सुयोगने आपल्या कार्यालयात फोन करून विचारले, की माणूस तोच असेल आणि फक्त डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर चालेल का. त्याला सांगण्यात आले की माणसाची नजर हेच या गटातले साधन आहे आणि साधनात बदल केल्यास प्रवेशिका बाद होईल.

मी लेखी अर्ज केला. मोतीबिंदूमुळेच हा निळा आला आहे, ही कला नसून आजार आहे, तरी प्रवेशिका रद्द करावी, असे मी त्यात लिहिले होते. त्यावर माझा संबंध नसल्याचा शेरा आला. त्याच पाकिटात सुयोगच्या नावे एक पत्र होते. त्यात समितीने 'रंगदुरुस्तीकाराची वैद्यकीय पार्श्वभूमी कळल्याने प्रवेशिकेचे वेगळेपण अधिक अधोरेखित झाले' असल्याचे नमूद करून परीक्षणापर्यंत 'सद्यःस्थिती कायम राखण्याची' विनंती केली होती. हे पत्र माझ्या अर्जामुळे लिहिले गेले, हे मी विसरू शकत नाही.

७. परीक्षणाची तारीख पहिल्यांदा पुढे गेली, कारण एक परीक्षक परदेशी होते. दुसऱ्यांदा गेली ती महापालिका निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे. सुती कागदावरच्या छपाईशी आचारसंहितेचा काय संबंध, हे मी विचारले नाही, कारण माझा संबंध आधीच नाकारला गेला होता. या दुसऱ्या मुदतवाढीत एके सकाळी वडिलांना उजव्या कपाळात कळा येऊ लागल्या आणि उलट्या झाल्या. ते त्या दिवशी सुयोगकडे होते. उलट्या पाहून त्याने पित्त झाले असे ठरवले, पित्ताचे औषध दिले आणि झोपायला सांगितले. डोळा लाल झाला होता, तो त्याला जागरणाने झाल्यासारखा वाटला. संध्याकाळी मी गेले तेव्हा वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी उजव्या डोळ्यासमोर हात हलवला. त्यांनी विचारले, "कोन हाय?"

रुग्णालयात दाब उतरवला. दुखणे थांबले. नजर परत आली नाही आणि येणारही नाही.

ही घटना सुयोगने समितीला कळवली. मी समजत होते की आता तरी अट शिथिल होईल. समितीने सहानुभूती व्यक्त केली, लवकर बरे वाटो असे लिहिले आणि पुढच्या परिच्छेदात विचारले, की एका डोळ्याने रंगदुरुस्ती करण्याची क्षमता शिल्लक आहे काय, असल्यास त्याचे छोटे चित्रीकरण पाठवावे. सुयोगने ते पाठवले. मी ते पाहिले आहे. त्यात वडील दिव्याला नाक लागेल इतके जवळ वाकून पट्टी पाहतात आणि म्हणतात, "आजून घाल." समितीने चित्रीकरण समाधानकारक असल्याचे कळवले, 'उर्वरित डोळ्याची' काळजी घेण्यास सांगितले आणि तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली.

८. राहिलेला डावा डोळा त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात, आता शस्त्रक्रिया केली तर या डोळ्याने वडील वर्तमानपत्र वाचू शकतील, आणि थांबलो तर उजव्यासारखेच होईल. सुयोग म्हणतो, "एवढं थांबलोय ताई, अजून थोडं. नाव लागलं की लगेच करू." तो वाईट हेतूने म्हणतो असे मला वाटत नाही. त्याच्याकडे परगावची मोठी कामे विचारणेला आली आहेत. तो वडिलांना रोज स्वतः गाडीतून नेतो आणि खुर्चीपर्यंत हात धरतो. आजवर त्याने वडिलांची एवढी काळजी घेतलेली मी पाहिली नव्हती.

तेव्हा मी वडिलांनाच खरे सांगायचे ठरवले. आजवर ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. नियमाप्रमाणे रंगदुरुस्तीकार स्वतःच्या सहीने माघार घेऊ शकतो. माघारीचा मजकूर तयार करून मी मुर्ध्याला गेले. थेंब घातले आणि सांगितले, की बाबा, तो निळा तुमच्या आठवणीतला नाही. तो मोतीबिंदूचा आहे. परीक्षकांनी चूक केली आहे. मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले, पण याचे सौम्य रूप नसते.

ते हसले. म्हणाले, "मना सांगतंस? मना पानी दिसतच नव्हता, बाय. दिसंपरत घालत गेलो."

मिठागराची आठवण वगैरे काही आली नव्हती. मिठागरावर त्यांनी लहानपणी पाय सोलून घेतले होते आणि ते आठवायची त्यांची इच्छाही नव्हती. ते छायाचित्र कशाचे आहे हेच त्यांना त्या दिवशी नीट कळले नव्हते. कोणीतरी नदीचे काढले असावे, असे त्यांना वाटले. परीक्षकांचे वाक्य सुयोगने वाचून दाखवले तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळले की ते मुर्धा होते.

मग मी सहीसाठी कागद पुढे केला आणि बोट धरून जागा दाखवली. त्यांनी हात मागे घेतला. नंतर अगदी साध्या आवाजात म्हणाले, "डोला बरा झाला का मी परत भायेर." मी म्हटले, असे होणार नाही, मी सुयोगशी बोलेन. ते म्हणाले, "तू बोलशील. तो आयकल. आनि स्टूल परत येल." आणि मग, मला समजावत असल्यासारखे, "एक डोला गेला तं खुर्ची भेटली. दुसरा गेला तं निदान कोन उठवनार न्हाय."

आंधळ्याने रंग सांगितला तर कोण ऐकणार, असे मी विचारले नाही. ते त्यांना कळत नाही असे नाही.

९. वरील परिस्थितीत प्रवेशिका रद्द करण्याची माझी मागणी निरुपयोगी ठरली आहे. समितीने प्रवेशिका रद्द केली तर वडील स्टुलावर जातील हे त्यांना आत्ताच माहीत आहे, आणि ते शस्त्रक्रियेला तयार होणार नाहीत. परीक्षणाची वाट पाहिली तर डोळा राहणार नाही. पुरस्कार मिळाला तर मात्र वडील तयार होतील. मी विचारून पाहिले. "भेटल्यावं कर काय करायचाय ता," असे ते म्हणाले. एकदा नाव लागले की ते कोणी पुसत नाही, अशी त्यांची समजूत आहे.

म्हणून माझी नवी मागणी अशी आहे. समितीने श्री. तुळशीराम घरत यांच्या नावे पुरस्कार मिळाल्याचे पत्र मला द्यावे. पुरस्कार द्यावा असे मी म्हणत नाही. स्मृतिचिन्ह नको, समारंभ नको, यादीत नाव नको. सुयोगला कळवू नये. रुग्णालयाने येत्या मंगळवारची वेळ दिली आहे. त्या सकाळपर्यंत पत्र हाती आले तर मी ते वडिलांना वाचून दाखवीन आणि तशीच त्यांना घेऊन जाईन. डोळ्यात बदल झाला की आपण नियमानुसार प्रवेशिका बाद करावी. माझी हरकत असणार नाही.

असे पत्र मी स्वतः का तयार करत नाही, असा प्रश्न आपणास पडेल. छापखानेवाल्यांच्या घरात ते अवघड नाही. पण वडील कागद बोटांनी ओळखतात. आमच्या गाळ्यातला कागद असेल तर त्यांना चिमटीत धरताच कळेल. शिवाय आपल्या पत्रांच्या डोक्यावर मंडळाचा शाई नसलेला, उठावाचा शिक्का असतो. त्याचा साचा आपल्याकडेच आहे. आपले प्रत्येक पत्र आले की वडील आधी त्या शिक्क्यावरून अंगठा फिरवतात आणि मगच मला वाचायला देतात.

खोटा मजकूर लिहिण्यात समितीला अडचण असेल, आणि ती असणे मी समजू शकते, तर मजकूर लिहू नये. फक्त शिक्का उठवलेला कोरा कागद द्यावा. समितीने कोठेही काही खोटे लिहिले असे होणार नाही. काय वाचायचे ते मी ठरवीन आणि त्याची जबाबदारी माझी राहील. डाव्या डोळ्याला आता अक्षरे दिसत नाहीत. कागदावर काही लिहिले आहे की नाही, हेही त्यांना सांगता येत नाही. याच डोळ्याने आपण त्यांच्याकडून परीक्षकांसमोर रंग लावून घेणार होता.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावरची पट्टी निघाली की वडील पहिल्यांदा तेच पत्र मागतील. ते उघडतील आणि त्यांना दिसेल की कागद कोरा आहे. तो त्यांना कोरा दिसावा, एवढ्याचसाठी हा अर्ज आहे.

मंगळवारपर्यंत उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
निशिगंधा तुळशीराम घरत
मीरा रोड (पूर्व)
दि. १२ फेब्रुवारी २०२६

सोबत : १) डाव्या डोळ्याबाबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र
२) स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले रिकामे पाकीट